बहुभाषी वस्तीचा कलामहोत्सव: आखणीपासून हिशेबापर्यंत

मुंबईत ‘बहुभाषी सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हटला की त्याचा साचा ठरलेला असतो. एक कोळीगीत, एक गरबा, तमिळ मुलींचे भरतनाट्यम, एखादी कव्वाली, शेवटी सर्वांचे मिळून देशभक्तिपर गीत आणि मधूनमधून शाल-श्रीफळ. फोटो चांगले येतात. पण मंडपाच्या मागच्या बाजूला उभे राहून पाहिले तर असे दिसते की, आपल्या मुलीचा नाच संपला की अख्खे कुटुंब पिशव्या उचलून निघते आणि त्या खुर्च्यांवर पुढच्या ‘आयटम’ची माणसे येऊन बसतात. तीन तासांत चार-पाच वेगवेगळे प्रेक्षक येऊन गेलेले असतात आणि त्यांनी एकमेकांचे काहीच पाहिलेले नसते.

वस्तीच्या पातळीवर, पाचशे ते आठशे प्रेक्षकांसाठी, एका संध्याकाळचा कलामहोत्सव कसा उभा करावा याचे टप्पे या लेखात दिले आहेत. प्रत्येक निर्णयाला कसोटी एकच लावली आहे: या निर्णयामुळे लोक शेजाऱ्याच्या कार्यक्रमाला थांबतील की उठून जातील? उदाहरणादाखल माहीम, माटुंगा आणि धारावी हा पट्टा घेतला आहे. मगदूम अली माहीमी यांचा दर्गा, सेंट मायकल चर्च आणि कोळीवाडा, माटुंग्यातील तमिळ, कन्नड व मल्याळी घरे, सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा कुंभारवाडा, तिरुनेलवेलीकडून आलेली तमिळ कुटुंबे, उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर आणि कोकणातून आलेले चाकरमानी, हे सारे येथे पायी फिरता येईल एवढ्या अंतरात आहे. इतर वस्त्यांनी तपशील आपापले घालावेत.

समिती: भाषेनुसार नव्हे, कामानुसार

कामाला गणेश विसर्जन आटोपताच लागावे. पहिली बैठक ‘प्रत्येक समाजाचा एक प्रतिनिधी’ या तत्त्वावर बोलावण्याचा मोह होतो, तो टाळावा. अशा बैठकीला पुढारी येतात, आणि पुढाऱ्याला आपल्या समाजाला किती मिनिटे मिळाली यातच रस असतो. त्याऐवजी प्रत्यक्ष तालमी घेणारी माणसे शोधावीत: भजनी मंडळातील पेटीवादक, चाळीतील नृत्याचा क्लास घेणारी बाई, चर्चच्या गायकवृंदाची जबाबदारी सांभाळणारे गृहस्थ, बचत गटाच्या ताई. ही माणसे सापडण्याचे उत्तम ठिकाण म्हणजे महापालिकेची शाळा. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते आणि अनेकदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमे भरतात. शिक्षकांच्या खोलीत अर्धा तास बसले तर कोणाच्या घरी मृदंग आहे आणि कोणाची आजी जात्यावरच्या ओव्या गाते, हे कळते.

समितीची वाटणी ध्वनी, मंडप, खाद्यपदार्थ, मुलांचे उपक्रम, परवानग्या आणि हिशेब अशी कामानुसार करावी, आणि प्रत्येक कामावर दोन वेगवेगळ्या भाषांची माणसे नेमावीत. साऊंडवाल्याशी घासाघीस करताना कोकणी मुलगा आणि बिहारी कारागीर यांची जी ओळख होते, ती कोणत्याही एकात्मतेच्या भाषणाने होत नाही. बैठका देवळाच्या सभागृहात किंवा पक्षाच्या शाखेत घेऊ नयेत. शाळेचा वर्ग सर्वांना सारखाच परका असतो, म्हणून सोयीचा. निर्णय व्हॉट्सॲपवर लिहून पाठवण्याबरोबर बोलूनही पाठवावेत, कारण हिंदी समजणाऱ्या प्रत्येकाला देवनागरी वाचता येतेच असे नाही.

तारीख

तारीख ठरवताना आपले कॅलेंडर पुरत नाही. या पट्ट्यात ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा दादर-माहीम परिसरात दुसरा कोणताही कार्यक्रम ठेवणे गैर आणि अशक्य दोन्ही आहे. त्याच महिन्यात माहीमच्या दर्ग्याचा उरूस व दहा दिवसांची जत्रा असते, शाळांची स्नेहसंमेलने असतात आणि पाठोपाठ नाताळ येतो. जानेवारीच्या मध्यावर संक्रांत आणि पोंगल, तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, २६ जानेवारीला निम्म्या चाळींत सत्यनारायण. फेब्रुवारीपासून बारावी-दहावीच्या परीक्षा. पावसाळ्याचे चार महिने तर विचारातच घेऊ नयेत. हे सारे कागदावर मांडले की जानेवारीचा दुसरा शनिवार बहुतेक वर्षी मोकळा सापडतो. तो संक्रांतीच्या तोंडावर आला तर एक आठवडा अलीकडे यावे.

रमजान मात्र स्वतंत्रपणे पाहावा लागतो. तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि २०३० च्या सुमारास जानेवारीतच येईल. तेव्हा महोत्सव दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात न्यावा लागेल. कॅथलिक कुटुंबे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात नाचगाण्याचे कार्यक्रम टाळतात, हेही लक्षात ठेवावे. वाराचेही गणित असते. बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेना प्रार्थनेमुळे माहीमचा रस्ता भरतो, मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाची रांग असते, शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज. शनिवार संध्याकाळ त्यातल्या त्यात सर्वांना परवडते.

जागा आणि परवानग्या

बंद सभागृहापेक्षा शाळेचे पटांगण किंवा लहान मैदान बरे. सभागृहात शिरायला आमंत्रण लागते अशी अनेकांची भावना असते. पटांगणाच्या कठड्याला टेकून उभा राहिलेला माणूस हळूहळू आत येतो. महापालिकेच्या जागेसाठी वॉर्ड ऑफिसमध्ये अर्ज, भाडे आणि अनामत रक्कम भरावी लागते. त्याच वेळी स्थानिक पोलीस ठाण्याकडे कार्यक्रमाची व ध्वनिक्षेपकाची परवानगी मागावी. रस्त्यावर गर्दी सांडणार असेल तर वाहतूक पोलिसांचे आणि मंडप मोठा असेल तर अग्निशमन दलाचे ना-हरकत पत्र घ्यावे. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. दोन महिने हाताशी ठेवले तर हे काम शांतपणे होते.

ध्वनीचे नियम पाठ असावेत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. पण ते दिवस मोठ्या सणांसाठी ठरलेले असतात, वस्तीच्या महोत्सवासाठी नव्हेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. म्हणून शाळेचे पटांगण निवडण्यापूर्वीच ते त्या यादीत येते का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. ‘शिवाजी पार्क तर एवढे मोठे आहे, तिथेच करू’ असे समितीत कोणीतरी म्हणतेच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली ते शांतता क्षेत्र ठरवले, हे त्याला सांगावे आणि विषय संपवावा.

एकांकिका, प्रहसन असे काही बसवणार असाल तर महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. संहिता मराठीखेरीज अन्य भाषेत असेल तर अर्ज आणखी लवकर करावा. दशावतारासारख्या प्रकारात संवाद बव्हंशी उत्स्फूर्त असतात, तेथे कथानकाचा गोषवारा आणि पदे लिहून तयार ठेवणे हिताचे.

काय सादर करावे

सर्वाधिक विचार येथे करावा लागतो आणि नेमका येथेच सर्वांत कमी केला जातो. प्रत्येक गटाकडे ‘तुमचे काहीतरी’ मागितले की गट आपले सर्वांत झगमगीत काही तरी देतो, बहुधा ध्वनिमुद्रित चित्रपटगीतावर बसवलेला नाच. आधी यादी मागू नये. आधी तालमीला जाऊन बसावे आणि मग मागावे.

या पट्ट्यातील लोकांकडे काय आहे ते पाहिले तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते, ती म्हणजे रिंगण. कुंभारवाड्याचा गरबा गोल फिरतो. मल्याळी स्त्रियांचे तिरुवातिरा समईभोवती गोल फिरते. तेलंगणातील बतुकम्मा फुलांच्या उतरंडीभोवती फिरते. रत्नागिरीकडील जाखडीत गाणारे-वाजवणारे मधोमध बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. हे सर्व प्रकार आपण चोवीस फूट रुंदीच्या उंच रंगमंचावर चढवतो आणि प्रेक्षकांना निम्म्या नर्तकांच्या पाठी दाखवतो. त्याऐवजी पटांगणात जमिनीवरच तीस फूट व्यासाचे वर्तुळ चुन्याने आखावे, त्याच्या तीन बाजूंनी पुढे जाजम व मागे खुर्च्या मांडाव्यात आणि चौथ्या बाजूला कव्वाली, गायन, नाट्यप्रवेश यांसाठी दोन फूट उंचीचा छोटा मंच ठेवावा.

रिंगणाची तांत्रिक अडचण एकच, पण ती कार्यक्रम बिघडवू शकते. जाखडीत माईक मधोमध बसलेल्या गायकासमोर हवा आणि त्याची वायर नेमकी नाचणाऱ्यांच्या वाटेतून जाते. पायात चाळ बांधून अनवाणी नाचणाऱ्याचा पाय त्या वायरीत अडकला तर माणूस पडतो आणि आवाजही जातो. म्हणून वायर मंडपाच्या आडव्या बांबूवरून नेऊन वर्तुळाच्या मध्यावर खाली सोडावी. ते शक्य नसेल तर कॉर्डलेस माईक घ्यावा आणि त्याच्या बॅटऱ्या त्याच संध्याकाळी नव्या घालाव्यात. वर्तुळातील खडी आदल्या दिवशी झाडून, वेचून घ्यावी व पाणी मारावे.

रिंगणाचा खरा फायदा हस्तांतरात आहे. जाखडीचा शेवटचा फेर संपत असताना मृदंग थांबू न देता गरब्याच्या बायकांनी त्याच वर्तुळात शिरावे, ढोलवाल्याने लय उचलावी आणि मृदंगवाल्याने मग हात आवरता घ्यावा. असे दोन-तीन सांधे जुळवले की ‘आपला आयटम संपला’ असा क्षणच प्रेक्षकांच्या वाट्याला येत नाही, आणि पिशव्या खालीच राहतात. हे आयत्या वेळी जमत नाही. त्यासाठी वादकांच्या किमान दोन एकत्र तालमी लागतात. या तालमींत पहिला अर्धा तास प्रत्येक जण दुसऱ्याच्या वाद्याकडे संशयाने पाहतो. त्याची चिंता करू नये.

मात्र विचारल्याशिवाय काही गृहीत धरू नये. बतुकम्मा हा नवरात्राच्या काळातील, त्या ऋतूतील फुलांशी बांधलेला उत्सव आहे आणि जानेवारीत तो ‘दाखवायला’ काही स्त्रिया नकार देतील. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्यांच्याकडून दुसरी गाणी घ्यावीत. गोंधळ हा कुलाचाराचा विधी आहे, तो मंचावर करायचा की नाही हे गोंधळ्यांनीच ठरवावे. याच्या उलट एक चूक समित्या वारंवार करतात: भीमगीते आणि आंबेडकरी जलसा ‘राजकीय’ म्हणून वगळतात आणि आरती ‘सांस्कृतिक’ म्हणून ठेवतात. माटुंगा लेबर कॅम्पला शाहिरांची आणि जलशांची जुनी परंपरा आहे; त्या वस्तीच्या शेजारी बसून जलसा वगळणे ही तटस्थता नव्हे.

माहीमच्या गोवेकरांना विचारले तर तियात्रातील, म्हणजे कोंकणी संगीत नाटकातील, कांतारे (गाणी) मिळू शकतील. तियात्राचा पहिला प्रयोग झाला तोच मुंबईत, १७ एप्रिल १८९२ रोजी. म्हणजे तो या शहराला परका नाही. त्यातील गाणी दोन पडद्यांच्या मधे, कथानकापासून स्वतंत्रपणे गायली जातात, त्यामुळे अख्खे नाटक न करता दोन कांतारे उचलून घेता येतात, आणि त्यांतल्या कोपरखळ्या मराठी प्रेक्षकांना कोंकणीतूनही बऱ्यापैकी कळतात.

मुलांसाठी देशभक्तिपर समूहगीताऐवजी अंगाईगीते घ्यावीत. चार भाषांतील चार अंगाया, प्रत्येकी दोन कडवी; आणि अट अशी की उर्दू अंगाई तमिळ माध्यमाच्या मुलांनी म्हणायची व तमिळ अंगाई मराठी मुलांनी. शिकवायला त्या त्या भाषेतील आया येतील. उच्चार चुकतील, आया हसतील, आणि आपली अंगाई दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडून ऐकण्यासाठी अख्खे घर थांबेल.

क्रम, वेळ आणि निवेदन

जानेवारीच्या सुरुवातीला मुंबईत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. मुलांचे उपक्रम, कुंभाराचे चाक आणि चित्रांची मांडणी पाच वाजता, माईकशिवाय सुरू करावी. मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) अजानपासून वीस मिनिटे खाण्याची सुटी ठेवावी आणि मुख्य कार्यक्रम पावणेसातला सुरू करून साडेनऊला संपवावा. दहाच्या मर्यादेला अर्धा तास राखीव ठेवला नाही, तर शेवटचा गट नेहमी कापला जातो, आणि तो बहुधा सर्वांत कमी बोलणाऱ्यांचा असतो.

क्रम लावताना प्रत्येक गटाला सलग वीस मिनिटे देण्याऐवजी पूर्वार्धात आठ आणि उत्तरार्धात बारा द्यावीत: आधी मुले, नंतर मोठी माणसे. असे केल्यावर कोणत्याही कुटुंबाला मधेच उठून जाण्यासारखी जागा उरत नाही.

निवेदक दोन असावेत, एक मराठीत बोलणारा आणि एक हिंदीत, पण एकाचे दुसऱ्याने भाषांतर करू नये. त्याने वेळ दुप्पट जातो आणि दोघेही कंटाळवाणे होतात. सादरीकरणापूर्वी ‘काय पाहावे’ एवढेच सांगावे. ‘आता तमिळ समाजाच्या भगिनी आपली संस्कृती सादर करतील’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘मधल्या बाईची टाळी कुठे बदलते तिकडे लक्ष ठेवा’ असे सांगितले की मुलेसुद्धा टाळी शोधत बसतात. सत्कार एकदाच, दुसऱ्या सादरीकरणानंतर, दहा मिनिटांत उरकावेत. पाहुणे उशिरा आले तर त्यांना सन्मानाने पहिल्या रांगेत बसवावे. कार्यक्रम त्यांच्यासाठी थांबवू नये. हे नगरसेवकाच्या माणसाला कोणी सांगायचे, ते मात्र बैठकीतच ठरवून ठेवावे.

पत्रिका मराठी, उर्दू, तमिळ, गुजराती अशा चार लिप्यांत छापायची असेल तर एक सावधगिरी आवश्यक आहे. फ्लेक्सवाल्याच्या संगणकात उर्दूची जोडलेली अक्षरे सुटी होतात किंवा उलट्या क्रमाने पडतात, आणि तमिळच्या मात्रा अक्षरापासून दूर जाऊन बसतात. त्या दुकानात कोणालाच ते वाचता येत नसल्याने चूक थेट चौकात टांगली जाते. मजकूर त्या भाषेच्या माणसाकडून टाइप करून पीडीएफमध्ये घ्यावा आणि छपाईपूर्वीचा नमुना त्याच्याच नजरेखालून घालावा. फलक लावण्यासाठीही महापालिकेची परवानगी लागते. मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा उत्सवाचा फलक आणि वाढदिवसाचा फलक असा भेद करत नाही.

पैसा

वर्गणी जमवणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली परवानगी लागते का, याची चौकशी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आधी करावी, किंवा नोंदणीकृत संस्थेच्या नावे, तिच्या पावती पुस्तकावर काम करावे. खर्चाच्या मोठ्या बाबी मंडप, ध्वनी-प्रकाश आणि जनरेटर. अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा तरी राखीव ठेवावा. वस्तूंच्या रूपातील मदत मनापासून घ्यावी: कोणाचे टेंपो, कोणाची पातेली, कोणाच्या खुर्च्या.

मानधनाबाबत धोरण लेखी असावे. वस्तीतील हौशी कलाकारांना प्रवास आणि जेवण. ज्यांचे पोट वाद्यावर आहे त्या ढोलकी, तबला, मृदंगवाल्यांना सुपारी देतानाच ठरलेली बिदागी. एका भाषेच्या गायकाला पाकीट आणि दुसऱ्या भाषेच्या गायकाला स्मृतिचिन्ह, असे झाले तर पुढच्या वर्षी दुसरा येत नाही, आणि का आला नाही तेही सांगत नाही.

गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न थोडक्यात. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. ध्वनिमुद्रित चित्रपटगीते स्पीकरवर लावायची असतील तर परवान्याची चौकशी स्वतंत्रपणे करावी. तिकीट लावल्यास ही सवलत जाते. जिवंत वाद्यांचा आग्रह धरण्याचे हेही एक कारण आहे.

खाणे आणि प्रत्यक्ष दिवस

खाद्यपदार्थांचे गाळे भाषेनुसार मांडू नयेत. शाकाहारी एका बाजूला व मांसाहारी दुसऱ्या बाजूला, मधे पाणी आणि चहा. तेल, कढया, झारे पूर्ण वेगळे आणि प्रत्येक गाळ्यावर काय कशात तळले आहे याची पाटी. हलाल आणि जैन या दोन्ही चौकश्या हमखास होतात. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे, म्हणून पत्रावळी-द्रोण आधी मागवावेत. सिलिंडर मंडपाच्या कापडापासून दूर, उघड्यावर.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला ध्वनिचाचणी घ्यावी, आणि ‘हॅलो, माईक टेस्टिंग’वर समाधान मानू नये. कव्वालीत मुख्य गायकाइतकाच साथीदारांच्या टाळ्यांना आवाज लागतो, मृदंगाच्या दोन्ही तोंडांना वेगळे माईक लागतात. म्हणून प्रत्येक गटाला दोन मिनिटे खरेच वाजवायला लावून पातळ्या कागदावर टिपून ठेवाव्यात. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची बंद खोली, आरसा आणि आतून लागणारी कडी, स्वच्छतागृहाची किल्ली असलेला एक माणूस, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि चाकाच्या खुर्चीसाठी पहिल्या रांगेत मोकळी जागा, ही कामे नावानिशी वाटून द्यावीत.

नंतर

रविवारी सकाळी मैदान झाडून, खड्डे बुजवून त्याचे फोटो काढावेत आणि अनामत परत मिळण्याच्या अर्जाला ते जोडावेत. उसनी आणलेली पातेली त्याच दिवशी परत जावीत. आठ दिवसांत जमाखर्च शाळेच्या फाटकावर, पावत्यांच्या प्रतींसह लावावा. कोणी वाचो न वाचो, तो तेथे लावलेला आहे हे सर्वांना कळते आणि पुढच्या वर्गणीचे निम्मे काम होते. आढावा बैठकीत कार्यक्रम कसा झाला असे ढोबळ विचारण्यापेक्षा प्रत्येकाला दुसऱ्या भाषेतील कोणते सादरीकरण पाहिले आणि त्यातले काय आठवते, हे विचारावे. उत्तरे लिहून ठेवावीत. ज्या सादरीकरणाचे नाव कोणीच घेत नाही, त्याची जागा क्रमात चुकली होती की निवेदन कमी पडले, हे पाहून तोच गट पुढच्या वर्षी पूर्वार्धात, रिंगणाच्या लगेच नंतर घ्यावा.